फिर्यादी कोण, आरोपी कोण? : हैदराबाद परिसरातील पोलीस चकमकींचा कायदेशीर इतिहास

चकमक हा शब्द मराठीत तुर्की-फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ गारगोटी. पोलादावर आपटून ठिणगी पाडण्याची. उर्दूत चकमाक आजही प्रामुख्याने याच अर्थाने ओळखीचा आहे. मराठीने त्याला पुढे दोन तुकड्यांत झडलेल्या छोट्या लढाईचा अर्थ दिला. उर्दू वर्तमानपत्रे अशा प्रसंगी ‘मुकाबला’ किंवा ‘मुठभेड’ लिहितात. तेलुगूत ‘एदुरु काल्पुलु’ म्हणजे समोरासमोरचा गोळीबार. तिन्ही भाषांतील या शब्दांच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : बाजू दोन होत्या आणि गोळी दोन्हीकडून सुटली. इंग्रजी ‘एन्काउंटर’चा अर्थही वेगळा नाही. परंतु बोलीभाषा फार काळ फसत नाही. तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी साधी माणसे ‘चकमक झाली’ असे न म्हणता ‘त्याचा एन्काउंटर केला’ असे म्हणू लागली. क्रियापद बदलले, कर्ता एकच उरला आणि समोरचा मनुष्य कर्म झाला.

शब्दातील हा बदल कागदोपत्री कधीच उतरला नाही. पोलिसांच्या दप्तरी प्रत्येक घटना दुतर्फा गोळीबाराचीच राहिली. पन्नासहून अधिक वर्षे या प्रदेशात जो वाद चालला, त्याचे मर्म या दप्तरातील एका रकान्यात आहे. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला, तर पोलीस ठाण्यात जो पहिला गुन्हा नोंदवला जातो, त्यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण?

वर्षानुवर्षे रूढ झालेली पद्धत अशी. गोळीबारात सहभागी असलेल्या तुकडीचा प्रमुख जवळच्या ठाण्यात जाऊन फिर्याद देतो. गस्त घालत असताना समोरून गोळीबार झाला, शरण येण्याचे आवाहन केले, ते मानले नाही, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी चालवावी लागली; गोळीबार थांबल्यावर शोध घेतला असता मृतदेह आणि हत्यारे मिळाली. यावरून भारतीय दंडसंहितेच्या कलम 307 खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाखाली, आणि शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जात असे. आरोपी म्हणून नाव लागते ते मृताचे. मृत मनुष्यावर खटला चालत नाही, हे फौजदारी कायद्याचे साधे तत्त्व आहे. तेव्हा काही काळाने ‘आरोपी मयत, कार्यवाही संपुष्टात’ असा शेरा मारून फाईल बंद होते. इंग्रजी कागदांत याला ‘अबेट’ होणे म्हणतात. अशा रीतीने एका मृत्यूचा तपास त्या मृत्यूमुळेच संपतो. यात कोणताही कायदा उघडपणे मोडलेला दिसत नाही, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

फारसीत ‘फर्याद’ म्हणजे दाद मागण्यासाठी मारलेली हाक. येथे ती हाक मारणारा सरकारी बंदूक हाती असलेला मनुष्य असतो.

वस्तुतः कायद्याने पोलिसांना ठार मारण्याचा स्वतंत्र अधिकार कधीच दिलेला नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 46 अटकेसाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभा देत असे. पण त्याच्या तिसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटले होते की, फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. बेकायदा जमाव पांगवण्याच्या तरतुदी वेगळ्या आहेत. चकमकीत पोलिसांकडे प्रत्यक्षात जो बचाव उरत असे तो दंडसंहितेच्या कलम 96 ते 106 मधला, म्हणजे खासगी संरक्षणाचा. तो तुम्हा-आम्हा सर्वांना असलेलाच हक्क आहे. फरक इतकाच की, सामान्य माणसाने हा बचाव घेतला तर तो त्याला न्यायालयात मांडावा लागतो. पोलिसाच्या बाबतीत तो ठाण्यातच मान्य झालेला असतो.

आंध्र प्रदेशात ही पद्धत रुजली ती श्रीकाकुलमच्या डोंगरात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तेथील आदिवासी उठावाचे नेते वेंपटापु सत्यनारायण आणि आदिभट्ल कैलासम हे 10 जुलै 1970 रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. सरकारने ती चकमक असल्याचे सांगितले, त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नाकारले. पुढे आणीबाणीत तर प्रश्न विचारण्याची सोयच राहिली नाही. 25 जुलै 1975 रोजी मेदक जिल्ह्यातील गिरायपल्लीच्या जंगलात चार तरुण ठार झाले. वारंगळच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी त्यांत होते. त्याच वर्षी 1 डिसेंबरला आदिलाबाद जिल्ह्यातील भूमय्या आणि किष्टा गौड या दोघांना हैदराबादच्या मुशीराबाद तुरुंगात फाशी देण्यात आली. आदिलाबाद हा मराठी भाषकांच्या दाट वस्तीचा सीमेवरचा जिल्हा. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. फाशी योग्य होती की नाही याबद्दल तेव्हाही तीव्र मतभेद होते, पण त्या दोघांना आरोपपत्र, वकील, अपील आणि दयेचा अर्ज हे सारे मिळाले होते. गिरायपल्लीच्या चौघांना यांपैकी काहीही मिळाले नाही.

आणीबाणी उठल्यावर जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने एक नागरी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वि. म. तारकुंडे. सासवडला जन्मलेले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद 1969 मध्ये स्वतःहून सोडलेले हे गृहस्थ हैदराबादला आले, त्यांनी गावोगावच्या लोकांचे जबाब घेतले आणि 1977 मध्ये अहवाल दिला. समितीत हैदराबादचे वकील के. जी. कन्नबिरन होते, तसेच पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि अरुण शौरीही होते. गिरायपल्लीबद्दल समितीचा निष्कर्ष असा की, त्या तरुणांना आधी पकडण्यात आले आणि मग जंगलात नेऊन, झाडांना बांधून गोळ्या घालण्यात आल्या. समितीला कोणताही सरकारी अधिकार नव्हता. साक्षीदाराला हजर करण्याची वा कागदपत्रे मागवण्याची शक्ती नव्हती. तरीही तिचा परिणाम असा झाला की, राज्य सरकारला न्या. भार्गव यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगापुढे साक्षी सुरू झाल्या, कन्नबिरन उलटतपासणी घेऊ लागले. मग सुनावणी बंद दाराआड व्हावी असा सरकारचा आग्रह आला आणि काम अर्ध्यावर थांबले. सत्य बाहेर येण्याची भीती नेमकी कोणत्या टप्प्यावर वाटू लागली, हे या घटनाक्रमावरून कळते : आयोग नेमताना ती वाटली नाही, पोलिसांना उघड न्यायासनासमोर प्रश्न विचारले जाऊ लागले तेव्हा वाटली.

पोलिसांची बाजू येथे टाळून चालणार नाही. नक्षलवादी गटांनी या काळात पोलीस, गावचे पुढारी, खबरे असल्याचा संशय असलेले गरीब शेतकरी अशा अनेकांचे प्राण घेतले. विशेष प्रशिक्षित ‘ग्रेहाउंड्स’ दलाची उभारणी करणारे अधिकारी के. एस. व्यास यांची 27 जानेवारी 1993 रोजी हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियममध्ये धावण्याचा व्यायाम करताना हत्या झाली. जंगलात खऱ्या चकमकीही होत होत्या, आणि त्यांत पोलीसही पडत होते. नागरी हक्क चळवळीलाही हा प्रश्न चुकला नाही. वारंगळच्या काकतीय विद्यापीठात गणित शिकवणारे आणि पुढे वकील झालेले के. बालगोपाल यांनी नक्षलवाद्यांच्या हिंसेवरही तितकेच बोलले पाहिजे अशी भूमिका घेतली आणि त्या मतभेदातून 1998 मध्ये वेगळा मानवी हक्क मंच उभा राहिला. परंतु खऱ्या चकमकी घडत होत्या म्हणूनच खरे-खोटे ठरवणारी यंत्रणा हवी होती. सगळ्या फायलींवर एकच शेरा असेल तर प्राण पणाला लावून लढलेला पोलीस आणि हात बांधलेल्या माणसावर गोळी झाडणारा पोलीस यांत दप्तर काहीच फरक करत नाही. प्रामाणिक पोलिसाचे यात काय हित आहे, हे समजणे अवघड आहे.

पहिला मोठा बदल दिल्लीहून आला. आंध्र प्रदेशच्या नागरी हक्क समितीच्या तक्रारीवरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या राज्यातील चकमकींच्या फायली तपासल्या आणि 5 नोव्हेंबर 1996 रोजी निर्णय दिला. मृताला आरोपी दाखवून, त्याच ठाण्यातील पोलिसांनी त्याच ठाण्यातील पोलिसांचा तपास करून प्रकरण बंद करणे अमान्य आहे, असा त्याचा आशय होता. 29 मार्च 1997 रोजी आयोगाचे अध्यक्ष न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांनी सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. पोलिसांना कोणाचा जीव घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. चकमकीतील मृत्यूची माहिती ही दखलपात्र गुन्ह्याचा संशय घेण्यास पुरेशी आहे. आणि तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागासारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, असे त्यात म्हटले होते. म्हणजे हैदराबादच्या तक्रारीतून साऱ्या देशासाठी नियम निघाला. मात्र आयोगाची सूचना ही सूचनाच असते. राज्यांनी पत्राची पोच दिली, पद्धत चालू ठेवली.

त्याच सुमारास मुंबईत वेगळ्या प्रकारच्या चकमकी चालू होत्या. तेथे जंगल नव्हते, संघटित गुन्हेगारी होती. दप्तर मात्र हुबेहूब तेच. 1995 ते 1997 या काळातील 99 चकमकी आणि त्यांतील सुमारे 135 मृत्यूंबद्दल पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. फेब्रुवारी 1999 मध्ये निकाल लागला, तो संघटनेला समाधानकारक वाटला नाही आणि ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे प्रकरण पंधरा वर्षे पडून राहिले.

दरम्यान हैदराबादनेच पुन्हा पुढचे पाऊल टाकले. जुलै 2006 मध्ये नल्लमलाच्या जंगलात माओवादी पक्षाच्या राज्य सचिवासह आठ जण मारले गेले. त्यावरून उभ्या राहिलेल्या याचिकेत आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 6 फेब्रुवारी 2009 रोजी निकाल दिला. या विषयावरील भारतीय निकालांत तो सर्वांत नेमका म्हणावा लागेल, कारण त्याने थेट रकान्यालाच हात घातला. पोलिसाच्या कृतीने मृत्यू झाल्याची माहिती मिळाली की, ती सदोष मनुष्यवधाचा गुन्हा म्हणून नोंदवून तपास झाला पाहिजे. स्वसंरक्षण हा बचाव आहे. तो तपासाधिकाऱ्याने गृहीत धरायचा नसून न्यायालयापुढे खटल्यात सिद्ध व्हायचा आहे. दंडाधिकाऱ्याची चौकशी ही गुन्ह्याच्या तपासाची जागा घेऊ शकत नाही. गोळीबार करणाऱ्यांची नावे तपासाधिकाऱ्यापासून लपवता येणार नाहीत. इतके स्वच्छ उत्तर तोपर्यंत कोणी दिले नव्हते. पोलीस अधिकाऱ्यांची संघटना तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च 2009 मध्ये, म्हणजे महिन्याभरात, या निकालाला स्थगिती मिळाली. बालगोपाल त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला वारले, कन्नबिरन पुढल्या वर्षी 30 डिसेंबरला.

नियम नसतानाही दाद मिळू शकते, पण त्यासाठी काय लागते ते मुंबईच्या एका खटल्यातून कळते. 11 नोव्हेंबर 2006 रोजी ‘लखनभैया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला वाशीहून उचलण्यात आले आणि त्याच संध्याकाळी तो वर्सोव्याला चकमकीत मारला गेल्याचे जाहीर झाले. त्याचा भाऊ वकील होता. भावाला पळवून नेल्याचे कळताच त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्या कागदांवर वेळ होती, आणि ती चकमकीच्या आधीची होती. तरीही पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवून घेण्यासाठी 2009 साल उजाडावे लागले, तेही उच्च न्यायालयाच्या आदेशाने. याच प्रकरणात मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खोटी चकमक म्हणजे थंड डोक्याने केलेला खून आहे आणि वरिष्ठांचा हुकूम हा बचाव होऊ शकत नाही, असे बजावले. मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये, साक्षीपूर्वी, मुख्य साक्षीदाराचे अपहरण होऊन खून झाला होता. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी ठरवले. 19 मार्च 2024 रोजी उच्च न्यायालयाने, खालच्या न्यायालयात सुटलेल्या अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. घटना आणि हा निकाल यांत सतरा वर्षांहून अधिक काळ गेला. मृताचा भाऊ वकील नसता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर इतर असंख्य फायलींत आहे.

उलट उदाहरणही नोंदवले पाहिजे. जुलै 2010 मध्ये माओवादी नेते आझाद आणि एक पत्रकार आदिलाबादच्या जंगलात मारले गेले; त्यांना नागपूरहून पकडून नेल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला आणि 2012 मध्ये विभागाने चकमक खरी असल्याचा अहवाल दिला. तो सर्वांना पटला असे नाही. पण बाहेरच्या यंत्रणेने तपास केल्यावर पोलिसांच्या म्हणण्याला जे वजन येते, ते घरच्या शेऱ्याला कधीच येत नाही.

मुंबईच्या 99 चकमकींवरील अपिलाचा निकाल अखेर 23 सप्टेंबर 2014 रोजी लागला. सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी सोळा निर्देश दिले. गुन्हा नोंदवणे, दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून किंवा गुन्हे अन्वेषण विभागाकडून तपास, दंडाधिकाऱ्याची चौकशी, हत्यारांची न्यायवैद्यक तपासणी, नातेवाइकांना खबर, आणि शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत बढती वा पारितोषिक नाही. हे सर्व महत्त्वाचेच. पण 2009 च्या हैदराबादच्या निकालाने जे उघड म्हटले होते, ते येथे संदिग्ध राहिले. गुन्हा नोंदवा, असे निर्देश सांगतात. कोणाविरुद्ध, ते ठामपणे सांगत नाहीत. ठाण्यांनी या फटीचा पुरेपूर उपयोग केला. गुन्हा नोंदवला जाऊ लागला, आणि आरोपी म्हणून मृताचेच नाव लागत राहिले.

सात महिन्यांच्या आत त्याची प्रचीती आली. 7 एप्रिल 2015 या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. आंध्रच्या शेषाचलम जंगलात रक्तचंदन तोडणारे म्हणून वीस मजूर मारले गेले. तेलंगणात वारंगळच्या तुरुंगातून हैदराबादच्या न्यायालयात नेत असलेले पाच कच्चे कैदी आलेरजवळ पोलीस गाडीतच ठार झाले. एकाने लघवीसाठी गाडी थांबवायला लावली आणि बंदूक हिसकावण्याचा प्रयत्न केला, असे पोलिसांनी सांगितले. वर्तमानपत्रांत आलेल्या छायाचित्रांत मृतांच्या हातांत बेड्या दिसत होत्या. शेषाचलमच्या बाबतीत हैदराबादच्या उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर एका मृताच्या पत्नीच्या तक्रारीवरून चंद्रगिरी ठाण्यात खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. फिर्यादीच्या रकान्यात निदान एकदा तरी योग्य माणूस आला. आलेरच्या प्रकरणी राज्याने विशेष पथक नेमले.

आणि मग चटनपल्ली. नोव्हेंबर 2019 च्या अखेरीस हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य महिलेवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला, तिचा देह जाळण्यात आला. संताप न्याय्य होता. चार आरोपी पकडले गेले. 6 डिसेंबरच्या पहाटे दहा पोलिसांचा पहारा असताना, वस्तू हस्तगत करण्यासाठी त्यांना शादनगरजवळील चटनपल्लीला नेण्यात आले, तेथे चौघेही गोळ्यांनी मेले. दोघांनी पिस्तुले हिसकावली, असे सांगण्यात आले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, मिठाई वाटली. शादनगर ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला : पोलीस अधिकारी फिर्यादी, चार मृत आरोपी, कलम 307.

12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्रिसदस्य आयोग नेमला. अध्यक्ष न्या. विकास सिरपूरकर, नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले. सोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक डी. आर. कार्तिकेयन. तारकुंड्यांनंतर बेचाळीस वर्षांनी पुन्हा एक मराठी न्यायाधीश हैदराबादेत त्याच प्रश्नावर बसला; फरक इतका की, या वेळी साक्षीदाराला बोलावण्याचा अधिकार होता. महासाथीमुळे विलंब झाला. जानेवारी 2022 मध्ये सादर झालेला अहवाल 20 मे रोजी खुला झाला. पिस्तुले हिसकावण्याची कथा आयोगाने अविश्वसनीय ठरवली. मृत्यू घडवून आणण्याच्या उद्देशानेच गोळ्या झाडल्या गेल्या असा निष्कर्ष काढला. आणि दहा पोलिसांवर खुनाच्या आरोपाखाली खटला चालवावा अशी शिफारस केली. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असेही शाळेच्या नोंदींवरून त्याने ठरवले. पोलिसांनी त्यांना सज्ञान दाखवले होते. ते जिवंत राहते तर बाल न्याय कायद्याखालील प्रक्रिया आधी लागू झाली असती, आणि मूळ पीडितेच्या कुटुंबालाही दोष कोणाचा किती हे न्यायालयाकडून ऐकता आले असते. तो हक्क त्या कुटुंबाकडूनही काढून घेतला गेला, याची चर्चा फारशी झाली नाही.

चकमकीचा प्रश्न एखाद्या समाजाचा म्हणून मांडण्याची सवय दोन्हीकडे आहे. चटनपल्लीत मृतांमध्येही आणि आयोगाने ठपका ठेवलेल्या अधिकाऱ्यांमध्येही हिंदू व मुसलमान दोन्ही होते. आलेर आणि श्रीकाकुलम यांना जोडणारा धागा मृतांचा धर्म वा विचार नसून ठाण्यातला तो कागद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने पुढील कार्यवाही तेलंगणा उच्च न्यायालयाकडे सोपवली. अहवालाला पोलीस अधिकाऱ्यांनी तेथे आव्हान दिले आणि मे 2024 मध्ये त्यावरील कार्यवाहीस अंतरिम स्थगिती मिळाली. दोन महिन्यांनी, 1 जुलै 2024 पासून, देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. गुन्हा नोंदवण्याचे कलम 154 आता 173 झाले, मृतदेहाच्या पंचनाम्याचे 174 हे 194 झाले, दंडाधिकाऱ्याच्या चौकशीचे 176 हे 196 झाले आणि अटकेतील बळाचे 46 हे 43 झाले. पोलिसाच्या गोळीने माणूस मेला असता आरोपीच्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, याचे उत्तर या नव्या कलमांतही दिलेले नाही.